मोकळ्या खेळाचा तास: वेळ किती, सामान किती आणि आपण मध्ये किती पडायचं?

(एका बालवाडीतला प्रश्न आणि त्यावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाटीपुसणं:

अडीच ते पाच वर्षांची बारा मुलं, तीन तासांचं सत्र, एक मोठी खोली आणि बाहेर थोडं अंगण. सध्या वेळापत्रकात 'मोकळा खेळ' पंधरा-पंधरा मिनिटांचा तीनदा येतो. पहिली दहा मिनिटं सामान उपसण्यात जातात, मग ओढाओढी होते, आणि जरा कुठे रंग भरू लागला की आवरायची वेळ. फडताळावर चाळीसेक खेळणी आहेत, तरी मुलं 'आता काय करू?' म्हणत मोठ्यांच्या मागेमागे. पालकांचा प्रश्न ठरलेला: 'आज काय शिकवलं?'

खेळ महत्त्वाचा आहे हे सगळेच सांगतात, त्यापुढचं हवंय. सलग वेळ किती द्यावा? सामान कोणतं आणि किती ठेवावं? आपण केव्हा मध्ये पडायचं, केव्हा गप्प राहायचं? कुस्ती आणि 'ठो ठो' चालू द्यावं का? एखादं मूल रोज नुसतं बघत उभं राहतं, त्याचं काय करायचं? आणि पालकांना असं काय सांगता येईल, जे ऐकायला बरं आहे म्हणून नव्हे तर खरं आहे म्हणून सांगता येईल?

चौकटीबाहेर:

वेळेपासून सुरू करते, कारण बाकीच्या निम्म्या तक्रारी तिथूनच निघतात. खेळाच्या बाबतीत तीन गुणिले पंधरा म्हणजे पंचेचाळीस होत नाहीत.

चार वर्षांच्या तीन मुलांनी 'दवाखाना' खेळायचं ठरवलं की आधी डॉक्टर कोण यावर वाटाघाटी होतात. मग जागा ठरते, खुर्च्या ओढल्या जातात, कोणत्या वस्तूला इंजेक्शन म्हणायचं यावर एकमत व्हावं लागतं. एवढं झालं की खरा खेळ सुरू होतो, आणि तोवर दहा-बारा मिनिटं सहज गेलेली असतात. नाट्यखेळावर, म्हणजे भूमिका घेऊन खोटंखोटं खेळण्यावर, काम करणाऱ्या संशोधक सारा स्मिलान्स्की यांनी चांगल्या खेळाच्या ज्या खुणा सांगितल्या, त्यात एक अशी आहे की तो प्रसंग किमान दहा मिनिटं टिकला पाहिजे. तुमच्या पंधरा मिनिटांत हे गणित बसतच नाही. जेम्स ख्रिस्टी आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये पंधरा आणि तीस मिनिटांच्या सत्रांची तुलना केली. लांब सत्रात मिळून खेळलेले नाट्यखेळ आणि रचनेचे खेळ जास्त दिसले. वेळ तोकडा आहे हे मुलांच्या लवकर अंगवळणी पडतं, मग ती मोठं काही मांडायच्या भानगडीतच पडत नाहीत.

म्हणून तिन्ही तुकडे एकत्र करा आणि सलग साठ मिनिटं द्या. पंचेचाळीसच्या खाली जाऊ नका. हा तास सत्राच्या सुरुवातीला ठेवा. शेवटी ठेवला तर आधीचं काहीही लांबलं की कात्री यालाच लागते.

पहिले काही दिवस तिसाव्या मिनिटाला खोली सैरभैर वाटेल. तिथे घाबरून 'चला, गोल करून बसा' म्हणू नका. मोठ्यांनी भरलेल्या वेळेची सवय झालेल्या मुलांना रिकामा वेळ आधी टोचतो, आणि त्यातूनच पुढचा खेळ निघतो.

थांबवण्याची पद्धतही ठरवून घ्या. चार वर्षांच्या मुलाला 'पाच मिनिटं' म्हणजे किती ते कळत नाही. 'आता प्रत्येकाचं एक काम राहिलंय, ते झालं की आवरायचं' हे कळतं. ही सूचना दहा मिनिटं आधी, प्रत्येक गटाजवळ जाऊन, हळू आवाजात द्या. खोलीच्या मधोमध उभं राहून टाळी वाजवली तर सगळे खेळ एकदम तुटतात आणि रडारड होते.

हा तास पळापळीच्या वेळेत मोजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली किमान ६० मिनिटं दम लागेल अशी. एका जागी जखडून बसवणं सलग तासापेक्षा जास्त नको. तुमच्या तीन तासांत अंगणाला निदान चाळीस मिनिटं वेगळी काढावी लागतील.

सुतारपक्षी:

सामानाबद्दल. बजेट एकाच वस्तूचं असेल तर लाकडी ठोकळे घ्या. रंगीत, चित्रं चिकटवलेले, प्रत्येक वेगळ्या मापाचा, असले नकोत. एकाच मापाच्या पटीत कापलेले साधे ठोकळे हवेत.

हे माप शिक्षिका कॅरोलाइन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये रूढ केलं. जाडी, रुंदी आणि लांबी १:२:४ या प्रमाणात. साधारण ३.५ × ७ × १४ सेंटिमीटर म्हणजे एक 'एकक'. अर्धा ठोकळा ७ सेंमी लांब, दुप्पट २८, चौपट ५६. दोन अर्धे मिळून एक, दोन एकक मिळून एक दुप्पट, हे कोणी न सांगता हाताला कळतं. पूल बांधताना एका बाजूचा खांब संपला की मूल दोन छोटे उभे करून बघतं. अपूर्णांकांची ओळख तिथेच होते, फक्त त्याला कोणी ते नाव दिलेलं नसतं.

एका वेळी चार-पाच मुलं खेळतील असं धरून:
एकक ६०, अर्धे ४०, दुप्पट ४०, चौपट १२, बारीक खांब (३.५ × ३.५ × १४) १६, तिरके कापलेले त्रिकोणी १६, गोल खांब ८. एकूण १९२.

काटकसर करताना लोक चौपट आणि दुप्पट कमी करतात. तेच चुकतं. लांब ठोकळे नसतील तर छप्पर पडत नाही, पूल होत नाही आणि खेळ मनोऱ्यापाशी अडकतो. कमी करायचेच असतील तर अर्धे करा.

सुताराकडून करून घेणार असाल तर त्याला तीन गोष्टी बजावा. एक, लाकूड पूर्ण वाळलेलं आणि कठीण हवं. ओलं लाकूड आकसतं, तेही लांबीपेक्षा रुंदीत जास्त, म्हणजे सहा महिन्यांनी १:२:४ चं प्रमाण गेलं. दोन, १४ सेंमीचा तुकडा मधोमध कापून दोन अर्धे काढायचे नाहीत. करवतीचं पातं तीनेक मिलिमीटर खातं, तेव्हा ते दोन अर्धे जोडले तर १३.७ भरतात. एका बाजूला एकक आणि दुसऱ्या बाजूला असे दोन अर्धे रचत गेलं की चार थरांत सव्वा सेंटिमीटरचा फरक पडतो, वरचं छप्पर कलंडतं, आणि मुलाला वाटतं चूक आपली. करवतीला अटकाव लावून प्रत्येक तुकडा स्वतंत्र मापाने कापायचा. तीन, कडा फक्त दीड-दोन मिलिमीटर मारायच्या. जास्त गोलाई दिली तर ठोकळे घसरतात. चकचकीत वार्निशनेही घसरतात. आधी १२० आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारला की पुरे.

मांडणी: उघड्या फडताळावर, प्रत्येक मापाची जागा वेगळी, आणि त्या जागी ठोकळ्याची बाह्यरेखा काढून ठेवलेली. चौपट ठोकळा किलोच्या आसपास भरतो, तो सर्वांत खाली. मोठ्या खोक्यात ओतून ठेवले तर हवा तो ठोकळा शोधायला मूल सगळं उलटं करतं. तुमची 'पहिली दहा मिनिटं उपसण्यात' बहुतेक यातलीच असावीत. फडताळासमोर ४० सेंमीवर जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारा. रेघेच्या आत बांधायचं नाही. ठोकळा घ्यायला येणाऱ्याचा पाय लागून दुसऱ्याचा किल्ला पडणं, ही या कोपऱ्यातल्या भांडणांची खाण आहे. उंची बांधणाऱ्याच्या खांद्यापर्यंत. पाडण्याचा हक्क फक्त बांधणाऱ्याचा.

हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ मध्ये ठोकळेखेळाचे टप्पे मांडले, ते आजही कामाला येतात. आधी नुसती ने-आण. मग रांगा आणि चळती. मग दोन उभे आणि वर एक आडवा, म्हणजे पूल. मग चारही बाजूंनी बंद केलेलं आवार. मग सममितीची नक्षी. मग रचनेला नाव. शेवटी ओळखीच्या वास्तूची हुबेहूब रचना आणि तिच्याभोवती गोष्ट. दोन-अडीच वर्षांचं मूल ठोकळे पिशवीत भरून इकडून तिकडे नेतं, तेव्हा 'अरे, घर बांध ना' म्हणू नका. वजन, संख्या, अंतर हाच त्याचा सध्याचा अभ्यास आहे. पाच वर्षांचं मूलही ठोकळे पहिल्यांदा हाताळत असेल तर हेच टप्पे घेतं, फक्त झपाट्याने.

मुंगी:

ठोकळ्यांबद्दल शंभर टक्के सहमत. पण आधी ती चाळीस खेळणी उचला.

अमेरिकेतल्या टोलिडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चार असताना मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त प्रकारे वापरलं. तुमची मुलं मोठी आहेत आणि बारा आहेत, म्हणून चार हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. बारा मुलांना आठ-दहा प्रकार उघड्यावर पुरतात. बाकीचे बंद कपाटात. दोन-तीन आठवड्यांनी दोन-तीन प्रकार बदला, सगळे एकदम बदलू नका, नाहीतर रंगलेला खेळ मोडतो. ज्याभोवती सध्या गोष्ट चालू आहे ते सामान हलवायचंच नाही.

आता काय ठेवायचं. सायमन निकोल्सन यांनी १९७१ मध्ये सुट्या वस्तूंचा विचार मांडला: जागेत जितक्या हलवता, जोडता, बदलता येणाऱ्या वस्तू जास्त, तितका शोध आणि कल्पकता जास्त. त्याआधीच, १९४३ मध्ये, कोपनहेगनजवळच्या एमड्रुपला भंगार सामानाचं मैदान उघडलं होतं. फळ्या, खिळे, हातोड्या, आणि मुलं बांधतील ते खरं. आपल्याला इतकं टोक गाठायची गरज नाही. पुठ्ठ्याची खोकी आठ-दहा (त्यातली दोन मूल आत बसेल एवढी), साधारण एक बाय दीड मीटरची सुती कापडं सहा, कपड्यांचे चिमटे वीस-पंचवीस, पुठ्ठ्याच्या नळ्या डझनभर, झाकणं आणि कड्या प्रत्येकी पंधराएक, तीन-चार टोपल्या. एका प्रकारची एकच वस्तू ठेवली तर भांडण ठेवलेलंच. दोन-तीन वर्षांच्या मुलांना तर समोरच्याकडे आहे तेच आणि तसंच हवं असतं, कारण शेजारी बसून तेच करणं ही त्यांची सोबत खेळण्याची रीत आहे. संख्या वाढवली की वाटून घ्यायचं प्रवचन द्यावं लागत नाही.

बटण दाबलं की गाणं म्हणणारी खेळणी बाजूला ठेवा. ॲना सोसा यांच्या २०१६ च्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या बाळांच्या २६ जोड्या होत्या, बाळ आणि पालक अशा. इलेक्ट्रॉनिक खेळणी असताना पालक कमी बोलले आणि बाळांचे हुंकारही कमी झाले. साध्या खेळण्यांनी बरं काम केलं, पुस्तकांनी सर्वांत चांगलं. खेळण्याच्या खोक्यावर 'बुद्धीला चालना' असं लिहिलेलं असतं, ते वाचू शकणाऱ्यासाठी असतं, खेळणाऱ्यासाठी नाही.

वाळू आणि पाणी अंगणात ठेवा. कोरडी वाळू ओतायला, चाळायला; आकार द्यायचे तर ओली. मापाने आठ भाग वाळूला एक भाग पाणी इथून सुरू करा. कणांमधले पाण्याचे पातळ पूल वाळू धरून ठेवतात. पाणी फार झालं की ते पूल बुडतात आणि किल्ला बसतो. हे मुलांना सांगायचं नाही, त्यांच्या हातात छोटा मग द्यायचा. मोठी बादली दिली तर पहिल्याच ओतण्यात चिखल होतो आणि प्रयोग संपतो. सारख्या आकाराची तीन भांडी, दुप्पट मापाचं एक, एक गाळणं, एक नरसाळं, पुरे.

पाटीपुसणं:

कोपऱ्यातली रेघ आजच मारते. मधे पडण्याबद्दल कोणी नीट सांगेल का? सध्या आम्ही दोघी खोलीत फिरत 'हा कोणता रंग?', 'किती ठोकळे झाले?' असं विचारत असतो, म्हणजे खेळातून शिकणं होईल म्हणून.

चौकटीबाहेर:

ते प्रश्न उद्यापासून बंद. ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे असा प्रश्न म्हणजे परीक्षा, आणि परीक्षा सुरू झाली की खेळाचा लगाम मुलाच्या हातून आपल्याकडे येतो. मुलं उत्तर देतात, मग पुढच्या प्रश्नाची वाट बघतात. तुमच्यामागे फिरणारी मुलं यातूनच तयार होतात.

एलिझाबेथ बोनाविट्झ आणि सहकाऱ्यांचा २०११ चा प्रयोग यासाठी लक्षात ठेवा. बऱ्याच करामती दडवलेलं एक खेळणं होतं. काही मुलांना मोठ्या माणसाने 'बघ, हे असं चालतं' म्हणून एक करामत शिकवून दाखवली. काहींसमोर तीच करामत चुकून झाल्यासारखी घडली. शिकवलेल्या मुलांनी तेवढंच करून पाहिलं आणि लवकर सोडलं. बाकीच्यांनी जास्त शोधलं. दाखवण्यात गैर काही नाही, पण 'एवढंच आहे' असा निरोप त्यासोबत जातो. कात्री कशी धरायची ते दाखवा. खोक्याचं काय करायचं ते दाखवू नका.

मधे पडायच्या आधी तीन मिनिटं बघा. शक्यतो बसून, कारण उभा मोठा माणूस पंच वाटतो. वहीत तीन गोष्टी टिपा: कोण कोणासोबत, कोणती वस्तू कशाच्या जागी, आणि मुलांचे शब्द जसेच्या तसे. या टिपणांचा उपयोग पुढे पालकांसाठीही होतो.

मग गरज वाटली तर पायऱ्या अशा. सर्वांत हलकी, सामान सरकवणं. दुकान चाललंय आणि पिशवी नाही, तर जवळ पिशवी ठेवून निघून जायचं. त्यावर, शेजारी बसून आपलं आपण तसंच काही करणं, न बोलता. त्यावर, भूमिका घेऊन आत शिरणं: 'डॉक्टर, माझ्या अस्वलाचा पाय दुखतोय.' हे एका वाक्यात करायचं आणि कथेचं पुढचं पाऊल मुलांवर सोडायचं. दोन-तीन देवाणघेवाणी झाल्या की 'बरं, मी उद्या येते औषध न्यायला' म्हणत बाहेर. आत शिरणं सगळ्यांना जमतं, बाहेर पडणं राहून जातं. आपण उठल्यावर खेळ कोसळला तर तो आपला खेळ होता असं समजायचं.

बोलायचंच असेल तर दिसलं ते बोला: 'हा खांब त्या खांबापेक्षा उंच झालाय.' किंवा खरोखर माहीत नसलेलं विचारा: 'हे दार कुठे उघडतं?'

'शाब्बास' आणि चिकटचित्रंही आवरा. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी १९७३ मध्ये चित्रं काढण्याची आवड असलेल्या मुलांना आधी कबूल करून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे कमी वळली. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं त्यांच्यात ही घट नव्हती. म्हणजे घोटाळा होतो तो 'हे केलंस तर ते मिळेल' या सौद्यात.

तिसरी बाजू:

पालकांना काय सांगायचं, यावर थोडं पाणी ओततो.

'नाट्यखेळाने सर्जनशीलता वाढते, बुद्धी वाढते, आत्मनियंत्रण वाढतं' अशी वाक्यं सर्रास फिरतात. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये या विषयावरचे उपलब्ध अभ्यास तपासले. निष्कर्ष असा, की या सगळ्याचं कारण नाट्यखेळच आहे असं ठाम म्हणण्याएवढा पुरावा नाही. बरेच अभ्यास लहान, काहींत निरीक्षकालाच माहीत की कोणत्या मुलाला कोणता गट. शिवाय भाषा चांगली असलेली मुलं मुळातच जास्त नाट्यखेळ खेळतात, तेव्हा कोणामुळे काय हा गुंता राहतोच. भाषा आणि गोष्ट सांगणं यांच्याशी संबंध मात्र त्यातल्या त्यात बरा दिसतो.

याचा अर्थ खेळ निरुपयोगी असा नाही. उद्या कोणी 'पुरावा दाखवा' म्हटलं तर तोंडघशी पडू नका, इतकंच. खात्रीने सांगता येतं ते असं. एक, खेळ हा मुलाचा हक्क आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ स्पष्ट लिहिलेत. उपयोग सिद्ध करून मग परवानगी मागावी अशी ती गोष्टच नाही. दोन, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये डॉक्टरांना सांगितलं की पहिल्या दोन वर्षांतल्या तपासण्यांच्या वेळी खेळाचा सल्ला लिहून द्यावा. तीन, आणि हे सर्वांत भारी पडतं: त्यांच्या स्वतःच्या मुलाने आज काय केलं ते.

'आज काय शिकवलं?' याला उत्तर म्हणून वरची वही उघडा. 'आज पूल तीनदा पडला. चौथ्यांदा त्याने खांब जवळ आणले. मग दुसऱ्या मुलाला म्हणाला, लांबचा दे, हा पुरत नाही.' अंतर, लांबीची तुलना, भाषा, चिकाटी, सगळं त्यात आलं. विकासाचे शब्द कमी, मुलाचे शब्द जास्त. आठवड्याला प्रत्येक मुलाची अशी एक नोंद, तीन-चार ओळींची. बारा मुलं म्हणजे रोज दोन-तीन नोंदी, इतकंच काम.

चौकटीबाहेर:

पुराव्याचा मुद्दा मान्य. एक भर घालते. रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्कींचं म्हणणं 'खेळाने अमुक वाढतं' या चालीचं नव्हतंच. १९३३ च्या व्याख्यानात ते सांगत होते की काठीला घोडा म्हणणारं मूल वस्तूपासून अर्थ सोडवायला लागलेलं असतं, आणि भूमिका घेतली की तिचे नियम स्वतःहून पाळतं. एरवी रांगेत उभं न राहणारं मूल 'दवाखान्यात' मुकाट आपली पाळी येईपर्यंत थांबतं. हे मोजपट्टीवर दाखवणं कठीण आहे, पण तुमच्या खोलीत रोज दिसेल.

तिसरी बाजू:

दिसेल, हे खरं. पालकांना तेवढंच सांगा, पुढचं अनुमान त्यांचं त्यांना काढू दे.

बघत उभं राहणाऱ्या मुलाबद्दल. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या एकत्र येण्याचे सहा प्रकार नोंदवले: कशातच नसणं, एकट्याने खेळणं, बघत राहणं, शेजारी शेजारी खेळणं, सैलसर एकत्र खेळणं, आणि ठरवून मिळून खेळणं. लोक याला शिडी समजतात आणि खालच्या पायरीवरचं मूल मागे पडलं म्हणतात. प्रत्यक्षात पाच वर्षांचं मूलही दिवसात यातल्या चार-पाच प्रकारांत फिरतं, आणि बघत राहणं हेही काम आहे.

फरक इथे बघा: मान खेळाकडे वळते का, प्रसंगाला हसतं का, नंतर एकटं असताना तेच करून पाहतं का? हो असेल तर फक्त आत शिरायला वाट करून द्या. 'यालाही घ्या रे' म्हणू नका, त्याने दोन्ही बाजू अवघडतात. हातात उपयोगाची वस्तू द्या. दवाखान्याला औषधाच्या बाटल्या आणून देणाऱ्याला कोणी हाकलत नाही.

या खुणा मात्र सोडून देऊ नका: दीड वर्षापर्यंत आवडलेली गोष्ट बोट करून न दाखवणं, अडीच वर्षांपर्यंत खोटंखोटं भरवणं, झोपवणं असा कोणताच खेळ नसणं, तीन वर्षांपर्यंत इतर मुलांची दखलच नसणं, आणि कोणत्याही वयात आधी येत असलेलं कौशल्य हरवणं. तसं दिसलं तर पालकांशी एकांतात बोला आणि बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी करून घ्यायला सांगा. निदान आपण करायचं नाही. नुसत्या गाड्या रांगेत लावणं ही खूण नव्हे; वर ठोकळ्यांच्या टप्प्यांत रांगा आल्याच आहेत.

घसरगुंडी:

कुस्ती आणि सुरक्षितता माझ्याकडे.

खोटी मारामारी आणि खरी मारामारी चेहऱ्यावरून ओळखता येते. खोटीत तोंड उघडं, हसू, हात मोकळे. कधी हा वर कधी तो, आणि दांडगं मूल मुद्दाम जोर कमी लावतं. झालं की दोघं एकत्रच राहतात. खरीत भुवया आवळलेल्या, मूठ बंद, एकच सतत वर, आणि सुटल्याबरोबर एक जण लांब पळतो. पहिलीला जागा द्या: चटई, कडेला टणक काही नको, दोनच जण एका वेळी, 'थांब' म्हटलं की हात सुटले पाहिजेत, मानेला हात नाही. खोटीची खरी होते ती बहुधा तिसरा घुसल्यावर किंवा जागा अरुंद पडल्यावर.

'ठो ठो' ला बंदी घातली तर ते टेबलाखाली चालतं. ज्याला नको आहे त्याच्यावर रोखायचं नाही, एवढा नियम पुरतो. तेच ते दृश्य दिवसेंदिवस फिरत असेल तर खेळात एखादं नवं पात्र आणून बघा: जखमींना कोण नेणार?

आता मापं. तीन वर्षांखालची मुलं असताना ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी नळीत मावणारी कोणतीही वस्तू नको, आणि चेंडू ४४.५ मिलिमीटरपेक्षा मोठेच हवेत. तुमच्या गटात अडीच वर्षांची आहेत, तेव्हा मुंगी यांच्या यादीतली झाकणं आणि कड्या या मापाने तपासा. चिमट्यांची स्प्रिंग निघते का तेही बघा. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि सुटे चुंबक खोलीतच नकोत. चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत जखम करू शकते. दोन चुंबक गिळले तर आतड्याचे पदर मध्ये धरून चिकटतात. पाण्याच्या टबाजवळ मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसायचं आणि खेळ संपला की टब लगेच उपडा करायचा. अगदी पाच सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं.

अंगणात चढण्याचं काही असेल तर खाली गवत किंवा माती धरू नका, ती तुडवून टणक होते. लाकडाच्या बारीक तुकड्यांचा थर साधारण २३ सेंमी जाड, चहूबाजूंनी सहा फूट. झोक्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी तो आधी उडतो, तिथे दर आठवड्याला ओढून घ्यावा लागतो. कठड्यांतल्या फटी नऊ ते तेवीस सेंटिमीटरच्या मधल्या नकोत: त्यात धड जातं आणि डोकं अडकतं.

एवढं केलं की मग 'पडशील!' म्हणणं थांबवा. एलन सँडसेटर यांनी २००७ मध्ये जोखमीच्या खेळाचे सहा प्रकार नोंदवले: उंची, वेग, धारदार हत्यारं, पाणी-आगीसारखी ठिकाणं, दांडगाई, आणि एकट्याने दूर जाणं. मुलं ते शोधतातच. न दिसणारा धोका, म्हणजे सैल खिळा, कुजकी फळी, आपण काढायचा. दिसणारी जोखीम, म्हणजे ही फांदी उंच आहे, मुलाला जोखू द्यायची. 'पडशील' ऐवजी 'डावा पाय कुठे ठेवणार?' विचारा. आणि मुलाला उचलून वर ठेवू नका. स्वतः चढलेलं मूल बहुधा उतरूही शकतं.

पाटीपुसणं:

एक शेवटची अडचण. तास संपला की तीच खोली मोकळी करावी लागते. अर्धवट किल्ला मोडायला सांगितला की रडणं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

सुतारपक्षी:

१२ मिलिमीटर प्लायवूडच्या दोन पाट्या करून घ्या, ९० × १२० सेंमी. कडा घासलेल्या, खाली जाड नमद्याच्या पट्ट्या. दोन मोठी माणसं पाटी न उचलता भिंतीकडे सरकवू शकतात. 'उद्या चालू ठेवायचं' असेल ते पाटीवर बांधायचं, हे सुरुवातीलाच सांगून ठेवायचं. नंतर सांगून उपयोग नाही. पाटीवर मूल आपलं चिन्ह काढलेला कागद ठेवतं. तीन दिवसांची मुदत ठेवा, नाहीतर ठोकळे अडकून बाकीच्यांना पुरत नाहीत. पाट्या भरलेल्या असतील तर मोडण्याआधी मुलाला किल्ल्याचं चित्र काढू द्या, वरून बघून, जमेल तसं. चार-साडेचार वर्षांची मुलं दुसऱ्या दिवशी तो कागद समोर ठेवून बांधायला बसतात. पहिले नकाशे फार चुकीचे असतात, ते दुरुस्त करू नका.